विषादहर औषधांचा उपयोग व निर्धोकपणा : मुंबई, गोमंतक आणि मधले कोकण

एखादे औषध गुणकारी आहे काय आणि ते निर्धोक आहे काय, हे दोन प्रश्न सामान्यतः एका दमात विचारले जातात. इतिहास पाहू गेल्यास मात्र या दोहोंची उत्तरे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांना आणि पुष्कळदा वेगवेगळ्या देशांत मिळालेली आढळतात. मनाच्या विषादावर दिल्या जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. या औषधांचा गुण प्रथम योगायोगाने ध्यानात आला, आणि त्यांचे दोष कळले ते बहुतांशी रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या बोलण्यातून. म्हणून या इतिहासात रसायनशास्त्राइतकाच भाषेचाही वाटा आहे. रुग्ण आपली व्यथा कोणत्या शब्दांत सांगतो, वैद्य ती कोणत्या शब्दांत समजून घेतो आणि दिलेल्या गोळीला घरात काय नाव पडते, यांवर औषधाचा उपयोग आणि त्याचा निर्धोकपणा ही दोन्ही अवलंबून राहतात.

या इतिहासातील काही महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्राच्या व गोमंतकाच्या भूमीवर घडली आहेत. एक मुंबईच्या रुग्णालयात, दुसरे मुंबईच्याच गोरेगाव उपनगरात आणि तिसरे गोव्यात. या दोन टोकांना जोडणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान, रोहे तालुक्यात खांब नावाचे गाव आहे. संशोधनाच्या इतिहासात अशा गावांचा उल्लेख येत नाही. परंतु औषध अखेर पोहोचावयाचे असते ते अशाच गावी. प्रस्तुत लेखात हा इतिहास पाहताना ते गाव नजरेआड होऊ दिलेले नाही.

१. रोगाआधी शब्द

विषाद ही अवस्था भारतीय परंपरेस अपरिचित नव्हती. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग या नावाने ओळखला जातो, आणि त्यात अर्जुन आपली व्यथा सांगू लागतो ती आधी शरीराच्या भाषेत : गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, हातातले धनुष्य निसटते. मनाचे दुःख देहाच्या द्वारे बोलते, ही गोष्ट आजच्या वैद्यकाला पुन्हा नव्याने शिकावी लागली, हे पुढे दिसेलच.

शब्दांची घडण पाहिली तर 'विषाद' व 'अवसाद' हे दोन्ही शब्द 'सद्' म्हणजे बसणे, खाली जाणे या धातूपासून झाले आहेत. 'खिन्न' हा शब्द 'खिद्' म्हणजे दबणे, थकणे या धातूपासून आला. 'डिप्रेशन' या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळही 'खाली दाबणे' असेच आहे. मराठीत भिंत खचते, जमीन खचते आणि मनही खचते. निरनिराळ्या भाषांनी या अवस्थेसाठी एकच चित्र निवडले आहे, ते खाली जाण्याचे.

परंतु व्यवहारात मराठीने जे शब्द अधिक वापरले ते मात्र दिशाभूल करणारे ठरले. 'उदास' या शब्दाचा मूळ अर्थ बाजूला बसलेला, अलिप्त असा आहे. संतवाङ्मयात उदास असणे हा दोष नव्हे, गुण आहे; विषयांपासून मन निघाले याचे ते लक्षण. त्यामुळे ज्याचे मन कशातच लागत नाही अशा माणसाकडे पाहून त्याला विरक्ती आली असावी असे म्हणण्याची सोय भाषेनेच करून ठेवली. दुसरा शब्द 'नैराश्य'. यात आशा नाहीशी होणे हा अर्थ असल्याने आशा कशामुळे गेली हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि कारण सापडले की उपदेश सुरू होतो. वैद्यकशास्त्र ज्यास रोग म्हणते ती अवस्था याहून वेगळी आहे. निदान दोन आठवडे सतत मन खचलेले असणे किंवा कशातही गोडी न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड, स्वतःविषयी अपराधी भावना व मरणाचे विचार, असा तो लक्षणसमूह आहे. त्यास बाहेरचे कारण असेलच असे नाही, आणि कारण असले तरी त्यामुळे रोग हा रोग राहात नाही असेही नाही.

कोकणातला माणूस वैद्याकडे जाऊन 'मला विषाद झाला आहे' असे म्हणत नाही. अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडते, पहाटे जाग येते ती येतेच, जीव कशात रमत नाही, असे तो सांगतो. ही वाक्ये रोगलक्षणांची अचूक यादीच आहे. मात्र ती यादी म्हणून ऐकणारा कान हवा.

असा कान फार काळ उपलब्ध नव्हता. कोकणपट्टीत रत्नागिरीस १८८६ साली व ठाण्यास १९०१ साली वेड्यांची इस्पितळे स्थापन झाली. मधल्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील, माणसाला उत्तरेस ठाणे व दक्षिणेस रत्नागिरी ही दोन टोके होती. आणि तेथे न्यावयाचा तो 'वेडा' ठरलेला माणूस. ज्याचे मन केवळ खचले आहे त्याच्यासाठी त्या दारांवर शब्दच नव्हता. १९३८ साली डॉ. के. के. मसाणी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानसिक रोगांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालविला, तेव्हा सर्वसाधारण रुग्णालयात, भिंतीआड कोंडून न घेता, अशा रुग्णाचे ऐकून घेण्याची एक वाट खुली झाली. पण ऐकून घेतल्यावर द्यावयाचे औषध मात्र तोवर कोणापाशीही नव्हते.

२. सर्पगंधेचा धडा

औषधाची वाट प्रथम उलट दिशेने सापडली. सह्याद्रीच्या दमट जंगलांतही आढळणारी सर्पगंधा ही वनस्पती मराठीत अडकई, हरकी अशाही नावांनी ओळखली जाते. तिचे मूळ उन्मादावर व निद्रानाशावर देण्याची रीत देशी वैद्यकात जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवर ती उपयोगी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून अनेक द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले.

जगाचे लक्ष वेधले ते मुंबईने. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ साली त्याचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील प्रभावी द्रव्य वेगळे काढले, तेच 'रेसर्पिन'. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांच्या मनोरुग्णांवरील अनुभवाची वार्ता अमेरिकेत पोहोचली आणि न्यूयॉर्क राज्यातील डॉ. नेथन क्लाइन यांनी तेथील मनोरुग्णालयात हे औषध वापरून १९५४ साली आपला अहवाल दिला. १९५७ साली लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन ही दोन्ही नावे होती.

परंतु १९५४ सालीच एक वेगळी तक्रार पुढे आली. रक्तदाबासाठी रेसर्पिन मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी लिहिले. रक्तदाब उतरला, पण माणूस खचला. पुढल्या वर्षी बर्नार्ड ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, रेसर्पिनमुळे सेरोटोनिन या द्रव्याचा शरीरातील साठा रिता होतो. सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही द्रव्ये मेंदूत एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप पोहोचविण्याचे काम करतात. तेव्हा तर्क सरळ वाटला : साठा रिता झाल्याने मन खचत असेल, तर साठा वाढविल्याने ते सावरेल. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनविषयी आणि १९६७ साली अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनविषयी या तर्काची मांडणी केली.

हा तर्क जितका फलदायी ठरला तितका तो निर्विवाद मात्र नव्हता. १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रेसर्पिन दिले असता त्यांस गुण आल्याचे लॅन्सेटमध्ये नोंदविले होते. ती नोंद दीर्घकाळ बाजूला पडली. रेसर्पिनमुळे विषाद होतो या मूळ निरीक्षणाचाही पुढील संशोधकांनी फेरविचार केला व पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही असे म्हटले. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सेरोटोनिनच्या कमतरतेने विषाद होतो या मताला सुसंगत आधार मिळत नाही असा निष्कर्ष काढला. यावरून औषधे निरुपयोगी ठरतात असे समजण्याचे कारण नाही. औषधाने गुण येतो की नाही हा एक प्रश्न आणि तो कशामुळे येतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रुग्णांच्या तुलनेतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर अद्याप अपुरे आहे. सर्पगंधेने शिकविला तो धडा याहून साधा आहे : रक्तदाबाच्या रुग्णाला 'मन कसे आहे?' असे विचारल्याखेरीज त्या औषधाचा दोष कळला नसता.

३. क्षयाची गोळी आणि इमिप्रामिन

प्रत्यक्ष विषादहर औषधे सापडली ती दोन निरनिराळ्या आडवाटांनी. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयसोनियाझिड व इप्रोनियाझिड ही नवी औषधे दिली गेली. मरणाची वाट पाहात पडलेले रुग्ण केवळ बरे होऊ लागले नाहीत, तर उल्हसित झाले, जेवण मागू लागले. क्षय हटल्याचा आनंद एवढ्यानेच हे घडले असेल काय, अशी शंका काही वैद्यांना आली. १९५७ साली क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इप्रोनियाझिड विषादाच्या रुग्णांना देऊन गुण येतो असे दाखविले. हे द्रव्य मेंदूतील निरोपवाहक द्रव्यांचे विघटन करणाऱ्या एका वितंचकास अटकाव करते.

मात्र थोड्याच काळात या औषधाने काही रुग्णांना कावीळ होऊन यकृतास इजा होते असे आढळले आणि १९६१ साली अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. त्याच वर्गातील दुसऱ्या औषधांचा आणखी एक दोष उघड झाला तो एका पत्रामुळे. ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी भडकून तीव्र डोकेदुखी होत असे. लंडनचे बॅरी ब्लॅकवेल यांनी त्याविषयी लिहिले असता, आपल्या पत्नीस चीज खाल्ल्यावरच हा त्रास होतो, असे नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने त्यांना कळविले. प्रथम ही कल्पना हास्यास्पद मानली गेली. १९६३ साली ब्लॅकवेल यांनी या संबंधाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले, आणि मुरलेल्या चीजमधील टायरामिन हे द्रव्य त्यास कारण असल्याचे लवकरच निश्चित झाले. जेवणाच्या टेबलावरील एका निरीक्षणाने जे दाखवून दिले ते प्रयोगशाळेत कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

दुसरी वाट स्वित्झर्लंडमधील. बाझलच्या गायगी कंपनीने तयार केलेले एक द्रव्य म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयाचे डॉ. रोलांड कून तपासून पाहात होते. तीव्र मनोविकारावर ते निरुपयोगी ठरले. पण १९५६ साली विषादाच्या रुग्णांना ते दिले असता आठवडाभरात फरक दिसू लागला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये कून यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. हेच इमिप्रामिन, त्रिवलयी विषादहर औषधांतील पहिले. त्याच्या रेणूत तीन कडी एकमेकांस जोडलेली असतात म्हणून हे नाव. ज्यूलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९६१ साली दाखविले की, पेशीने सोडलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तीच पेशी परत शोषून घेते आणि इमिप्रामिन या पुनर्शोषणास अडथळा आणते.

कून यांची ख्याती त्यांच्या बारीक श्रवणावर उभी होती. मोजपट्ट्यांपेक्षा रुग्णाच्या व परिचारिकांच्या शब्दांवर त्यांचा भर असे. त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आता उजेडात आली आहे. २०१९ साली झुरिचच्या इतिहासकारांनी म्युन्स्टरलिंगेनची कागदपत्रे तपासून असे दाखविले की, तेथे अनेक दशके रुग्णांवर नव्या द्रव्यांच्या चाचण्या होत होत्या आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही दिलेली नव्हती. रुग्णाचे ऐकून घेणे आणि रुग्णाला सांगणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इमिप्रामिन व त्यापाठोपाठ १९६१ साली आलेले अमिट्रिप्टिलिन ही औषधे गुणकारी होती; पण तोंडास कोरड, बद्धकोष्ठ, लघवीस अडथळा, उभे राहताच घेरी हे त्रास त्यांच्याबरोबर आले. हृदयाच्या ठोक्यांवर त्यांचा परिणाम होतो, आणि मात्रेबाहेर घेतल्यास तो प्राणघातक ठरतो. ज्या रोगात मरणाचे विचार येतात त्याच रोगाचे औषध घरात साठविणे धोक्याचे असावे, ही विसंगती वैद्यकाला पुढील तीन दशके छळीत राहिली.

४. गोरेगावचे औषध

या त्रिवलयी औषधांच्या मालिकेत एक नाव मुंबईचे आहे. १९६३ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते गोरेगाव येथे सिबा कंपनीच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. हे गोरेगाव म्हणजे खांबहून दक्षिणेस गेल्यावर माणगाव तालुक्यात लागणारे गोरेगाव नव्हे, तर मुंबईचे उपनगर. केंद्राचे पहिले संचालक डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे वनस्पतिज द्रव्यांचे नामांकित रसायनज्ञ होते. ज्या सिबाच्या बाझल येथील प्रयोगशाळेत सर्पगंधेतून रेसर्पिन निघाले, तिचीच ही मुंबईतील शाखा. तेव्हा सर्पगंधेने सुरू झालेला संबंध येथे पुन्हा जुळला असे म्हणावयास हरकत नाही.

या केंद्रात तयार झालेले नायट्रोक्साझेपिन हे द्रव्य सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोहोंचे पुनर्शोषण रोखते. त्याच्या सांकेतिक क्रमांकाला 'गो' ही अक्षरे जोडलेली होती, ती गोरेगावची. विषादावरील हे औषध १९८२ साली 'सिंटामिल' या नावाने भारताच्या बाजारात आले. भारतात शोधले गेलेले आणि भारतीय रुग्णांना दीर्घकाळ दिले गेलेले विषादहर औषध म्हणून त्याचे स्थान विशेष आहे. मात्र ते त्रिवलयी कुळातले असल्याने त्या कुळाचे गुण व दोष त्यातही आले, आणि ते बाजारात उतरले तोवर जगात दुसऱ्या कुळाचा उदय होत होता. गोरेगावचे संशोधन केंद्रही पुढे बंद पडले. अर्जुनाच्या विषादात तोंडाला पडलेली कोरड आणि विषाद घालविणाऱ्या गोळीने पडणारी कोरड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला कोणी समजावून सांगितले नाही तर तो औषधालाच रोग समजून सोडून देतो. गोरेगावच्या औषधालाही हा नियम चुकला नसणार.

५. फ्लुओक्सेटिन

केवळ सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखणारी औषधे शोधण्याचा प्रयत्न सत्तरीच्या दशकात जोरात सुरू झाला. त्यातील बाजारात आलेले पहिले महत्त्वाचे औषध स्वीडनचे झिमेलिडिन. ते १९८२ साली आले आणि काही रुग्णांत मज्जातंतूंचा गंभीर विकार आढळल्यावर १९८३ सालीच मागे घेतले गेले. अमेरिकेतील एलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी १९७४ साली ज्याविषयी प्रथम लिहिले ते फ्लुओक्सेटिन मात्र टिकले. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधद्रव्याऐवजी केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेस संरक्षण दिले होते. त्यामुळे अनेक भारतीय कंपन्यांना ही औषधे स्वतःच्या प्रक्रियेने बनविता आली आणि ती स्वस्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत आज अमिट्रिप्टिलिन व फ्लुओक्सेटिन ही दोन्ही आहेत.

फ्लुओक्सेटिनचा खरा लाभ त्याच्या अधिक गुणात नसून त्याच्या अधिक निर्धोकपणात आहे. हृदयावर त्याचा भार कमी पडतो, आणि मात्रेबाहेर घेतले गेल्यास ते त्रिवलयी औषधांइतके घातक नसते. निर्धोक म्हणजे दोषरहित मात्र नव्हे. मळमळ, जुलाब, झोपमोड, अस्वस्थता हे त्रास प्रारंभी होतात व पुष्कळदा आपोआप ओसरतात. कामेच्छा मंदावते, आणि ही तक्रार रुग्ण लाजेने बोलत नाहीत. वयस्कर माणसांत रक्तातील सोडियम घटू शकते. अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर किंवा इप्रोनियाझिडच्या वर्गातील औषधाबरोबर घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जीवावर बेतू शकते. ज्याला विषादाबरोबर आळीपाळीने उन्मादाचेही झटके येतात अशा रुग्णास केवळ हे औषध दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. म्हणून 'पूर्वी कधी झोपेवाचूनही फार उत्साह वाटत असे काय?' हा प्रश्न वैद्याने आधी विचारावयास हवा.

२००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या सर्व औषधांवर ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला. मुले व किशोर यांच्यात उपचाराच्या आरंभी आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा तो इशारा होता. २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू करण्यात आला. त्याच वेळी, उपचार न केलेला विषाद हाच आत्मघाताचे मोठे कारण आहे, हेही विसरता येत नाही. यावरून तरुणांना औषध देऊ नये असा अर्थ निघत नाही. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला एकटे सोडू नये व त्याला वारंवार भेटावे, असा निघतो.

गुणाचे माप काय? २०१८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकवीस औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. एकूण एक औषधे निर्द्रव्य गोळीपेक्षा सरस ठरली. परंतु सरासरी फरक माफक होता. विषाद जितका तीव्र तितका औषधाचा उपयोग अधिक स्पष्ट, असे सामान्यतः मानले जाते. सौम्य विषादात संभाषणोपचार, व्यायाम व दिनक्रमाची घडी यांचा विचार आधी करावयाचा असतो.

६. गोमंतकातील परीक्षण

पाश्चात्त्य देशांत मिळालेले हे ज्ञान येथील माणसांना लागू पडते काय, हा प्रश्न गोव्यात प्रत्यक्ष तपासला गेला. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन जिल्हा रुग्णालयांच्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० प्रौढांची निवड केली. हे लोक मनोरुग्णालयात आलेले नव्हते. अंगदुखी, थकवा, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन आलेले होते. त्यांचे तीन गट करण्यात आले. एकास फ्लुओक्सेटिन, दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्द्रव्य गोळी आणि तिसऱ्यास संभाषणोपचार. २००३ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन महिन्यांच्या अखेरीस फ्लुओक्सेटिनचा गट निर्द्रव्य गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरा होता, आणि खर्चाच्या दृष्टीनेही तो उपचार किफायतशीर ठरला. त्या वेळच्या स्वरूपातील संभाषणोपचार मात्र निर्द्रव्य गोळीहून सरस ठरला नाही.

संशोधकांनी यावरून संभाषण निरुपयोगी असा निष्कर्ष काढला नाही; त्याचे स्वरूप बदलले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'मानस' परीक्षणात प्राथमिक उपचाराच्या चोवीस केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांना नेमण्यात आले. रुग्णाला त्याच्या भाषेत आजार समजावणे, गोळी का व किती दिवस घ्यावयाची ते सांगणे, आला नाही तर विचारपूस करणे, ही त्यांची कामे. सरकारी केंद्रांत यामुळे बरे होण्याचे प्रमाण वाढले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. २०१७ साली याच भूमीवर तीव्र विषादासाठी स्थानिक समुपदेशकांनी दिलेला एक अल्पकालीन संभाषणोपचार लाभदायक ठरल्याचे प्रसिद्ध झाले. 'मनाचा आजार' हे नाव घेऊन न आलेल्या माणसाला त्याच्या अंगदुखीच्या वाक्यांपासून सुरुवात करून बरे करता येते, हे गोव्याने जगाला दाखविले.

७. महामार्गावरील गाव

आता मुंबई आणि गोवा यांच्या मधल्या गावाचा विचार करावयाचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत विषादाने पीडित माणसांपैकी शंभरांत सुमारे पंचाऐंशी उपचाराविना राहतात असे आढळले. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि महाराष्ट्राच्या गावांत चित्र फार वेगळे असेल असे मानावयास आधार नाही.

१९५० साली खांबच्या माणसाला औषध मिळणे शक्य नव्हते, कारण ते अस्तित्वातच नव्हते. आज ते मिळू शकते, आणि स्वस्तात मिळू शकते. वैद्याच्या लेखी सूचनेवाचून ते विकण्यास कायद्याने मनाई आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला, आणि आत्मघाताचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न समजता तीव्र ताणाखालील माणूस समजावे असे सांगितले. २०२२ पासून 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. साधने आली, आता अडचण आहे ती नावाची.

मराठी बोलीत विषादहर गोळीला स्वतःचे नाव नाही. तिला 'झोपेची गोळी' म्हणतात, 'टेन्शनची गोळी' म्हणतात, 'डोक्याची गोळी' म्हणतात. प्रत्येक नाव घेणाऱ्याला काही तरी शिकविते, आणि जे शिकविते ते चुकीचे असते. झोपेची म्हटली की झोप लागू लागताच ती बंद होते. शिवाय झोपेच्या गोळ्यांची जी सवय लागते तिची भीती हिच्या वाट्याला येते. टेन्शनची म्हटली की ज्या दिवशी टेन्शन त्याच दिवशी घेतली जाते. डोक्याची म्हटली की डोके दुखेल तेव्हा शेजारणीलाही दिली जाते, किंवा 'डोक्यात बिघाड' असा बोभाटा होईल या भयाने लपविली जाते. वस्तुतः ही गोळी रोज घ्यावयाची असते. गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून जाणवतो. बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावयाची असते, आणि थांबवावयाची ती वैद्याच्या सल्ल्याने, हळूहळू. एकाएकी सोडल्यास घेरी, चिडचिड, मळमळ व विचित्र झिणझिण्या यांचा त्रास होतो. हा त्रास म्हणजे व्यसन नव्हे. परंतु ज्याला तो आधी सांगितलेला नसतो त्याला तो व्यसनच वाटतो. आणि घरात कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर गोळ्यांची पट्टी घरच्या दुसऱ्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवावयाची असते.

ही सर्व वाक्ये साध्या मराठीत बोलता येण्याजोगी आहेत. त्यांपैकी एकाही वाक्याला नवी परिभाषा लागत नाही. सर्पगंधेचा दोष रुग्णाच्या खिन्नतेतून कळला, चीजचा धोका एका पतीच्या पत्रातून कळला, आणि गोव्यातील सरकारी केंद्रांत बरे होण्याचे प्रमाण वाढले ते समजावून सांगण्याची व विचारपूस करण्याची जोड मिळाल्यावर. इतिहासाचा हा कौल ध्यानात घेतला तर औषधाचा निर्धोकपणा हा केवळ गोळीचा गुणधर्म ठरत नाही. देणारा, घेणारा आणि घरचे यांच्यात जे बोलणे होते त्याचा तो गुणधर्म आहे. खांबच्या औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन माणूस घरी जातो, तेव्हा तिच्याबरोबर तिचे खरे नाव आणि ही चार वाक्ये गेली नाहीत, तर मुंबईत व गोव्यात मिळालेले ज्ञान महामार्गावरून नुसते पुढे निघून गेले असे म्हणावे लागेल.